रुळांवरची शिंक

मी आयुष्यभर भोंगे बनवले. पुण्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग विचारतो, "कुठल्या पक्षासाठी?" पक्षासाठी नाही हो, कारखान्यांसाठी. आग लागली की वाजणारे, क्रेन हलली की वाजणारे, ट्रक मागे येताना टीं टीं करणारे. असे भोंगे पर्वतीजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत तयार होत आणि त्यांचा आवाज कसा असावा हे ठरवणारं खातं माझ्याकडे होतं. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि एक खडखडणारा पंखा. शेकडो आवाजांवर काम केलं, पण त्या पंख्याचा आवाज काही मला बंद करता आला नाही.

'तुमच्या कामाविषयी लिहा, पण फार तांत्रिक नको,' असं या अंकाच्या संपादकांनी मला बजावलं आहे. म्हणजे काम वगळून कामाविषयी लिहायचं. प्रयत्न करते.

मोठा आवाज काढायला अक्कल लागत नाही. दरवर्षी गणपतीत आपण ते पुराव्यानिशी सिद्ध करतो. इशारा देणं मात्र वेगळं. धोका आहे, तो अमुक बाजूने येतोय आणि बाजूला व्हायला अजून वेळ आहे, एवढं ऐकणाऱ्याला तत्क्षणी कळलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ते खरं वाटलं पाहिजे. एका बिस्किटाच्या कारखान्यात आम्ही आगीचा फार देखणा भोंगा बसवला होता. तिथल्या मॅनेजरना तो इतका आवडला की चहाच्या सुट्टीलाही ते तोच वाजवायला लागले. पुढे एकदा खरोखर भट्टीजवळ आग लागली, भोंगा वाजला आणि सगळे कामगार शिस्तीत कँटीनसमोर रांगेत उभे राहिले. आग वेळेत विझली म्हणून त्यावर हसता येतं. मॅनेजरांनी मात्र आमच्याकडेच तक्रार केली, की तुमच्या भोंग्यात गांभीर्य नाही.

अशा गिऱ्हाइकांमध्ये मुरलेली असताना, माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हा, रेल्वेतले मेश्राम साहेब आमच्या ऑफिसात आले. मूळचे भंडाऱ्याचे, उंच, सावळे, अतिशय हळू बोलणारे. पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाचा एक तुकडा त्यांच्या देखरेखीखाली होता. खुर्चीवर बसले, खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. रुळाशेजारी खडीत पडलेली चिंकारा मादी. चिंकारा म्हणजे आपल्या माळांवरचं लहानसं, वाळक्या गवताच्या रंगाचं हरीण. डोळे उघडेच होते.

"मॅडम, आमच्या कागदावर हे गुरांत जमा आहे," मेश्राम म्हणाले.

"म्हणजे?"

"रुळावर काही मेलं की त्याला आम्ही गुरंच लिहितो. म्हैस असो, लांडगा असो, नाही तर हे असो. मी किती गुरं लिहू?"

त्यांची अडचण अशी होती. त्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. पूर्वी डिझेलचं इंजिन लांबूनच धडधडत यायचं, माळावरच्या जनावरांना ते आधी ऐकू जायचं. "आता करंटची गाडी येते तर समोर आल्यावरच कळते," मेश्राम म्हणाले. "माणसाला सोय झाली, मॅडम. त्याला कोणी सांगितलंच नाही." 'त्याला' म्हणताना त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

आमच्या मालकांनी रेल्वेचं काम म्हटल्यावर लगेच चहा मागवला. मी कधी नव्हे ती न कुरकुरता गाडीत बसले.

ती जागा कुठे आहे हे मी सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही मुलाबाळांसकट वेफर्सची पाकिटं घेऊन तिथे हजर व्हाल. इतकंच सांगते, की मोकळा गवताळ माळ आहे आणि एका ठिकाणी टेकडी कापून मधून रूळ नेलेत. दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती आणि तळाशी रूळ. रेल्वेवाले याला कटिंग म्हणतात. उन्हाळ्यातही रुळाकडेच्या चरात थोडी ओल राहते, तिथे कोवळं गवत उगवतं, आणि ते खायला चिंकारे आत उतरतात. बाहेर पडायला दोनच तोंडं. त्यातल्या एका तोंडातून गाडी येते.

जवळच रेल्वेचं फाटक होतं आणि फाटकावर सुरेखा होती. सुरेखा त्याच पंचक्रोशीतली, तिशीची, रेल्वेच्या नोकरीत कायम झालेली आणि त्यामुळे साऱ्या गावाला जुमानत नसलेली. मला पाहताच तिने विचारलं, "या मॅडम काय करनार?"

"आवाज," मेश्राम म्हणाले.

"आवाज तर मी बी करते. दगड बी मारते. हरनं जात्यात अन् परत येत्यात."

पहिला प्रयोग मेश्रामांच्या वरच्या साहेबांनी ठरवला. त्यांना आपण मोठे साहेब म्हणू, ते स्वतःला तसंच समजत. आमच्याकडचा सर्वांत कर्कश सायरन बसवायचा, की जनावर पळालंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, "पळेल, पण कुठे?" मोठे साहेब म्हणाले, "दॅट इज नॉट अवर कन्सर्न." खरं होतं. कुठे पळायचं ही काळजी चिंकाऱ्याची.

कटिंगच्या मध्यावर खांब रोवून सायरन बसवला. चाचणीसाठी नुसतं इंजिन अगदी सावकाश येणार होतं. आम्ही वरच्या काठावर उभे. खाली तीन चिंकारे चरत होते. इंजिन लांब दिसलं आणि सायरन वाजला. दोन्ही भिंतींवर आदळून तो आवाज सगळीकडूनच यायला लागला. तिघं आधी आमच्या दिशेने धावले, मग उलटे फिरले, मग रुळावर चढून थेट इंजिनाच्याच दिशेने निघाले. एका पिल्लाने भिंत चढायचा प्रयत्न केला, घसरून खाली आलं, पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. ड्रायव्हर शहाणा होता, त्याने इंजिन जागीच थांबवलं. मेश्राम खाली ओरडत सुटले, "बंद करा! बंद करा ते!" पण ओरडणं सायरनमुळे कुणाला ऐकू येईना. शेवटी त्यांनी स्वतः धावत जाऊन वायर उपटली.

तिघं वाचले. मोठे साहेब गॉगल पुसत म्हणाले, "रेंज मात्र चांगली आहे."

दुसरा प्रयोग हिंजवडीचा. मोठ्या साहेबांच्या ओळखीत अथर्व नावाच्या तरुणाची कंपनी होती. तो ठरल्या वेळेच्या फार उशिरा पोचला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "सॉरी मॅम, हिंजवडीतूनच बाहेर पडता येत नव्हतं." मला वाटलं, बाहेर पडण्याचा प्रश्न यालाही कळतो म्हणजे आशेला जागा आहे. पण अथर्वचा उपाय वेगळा होता. "मॅम, आपण डायरेक्ट प्रिडेटर साउंड डिप्लॉय करू. इट्स हार्डवायर्ड ना, फिअर."

"कुठला प्रिडेटर?"

"लायन."

मी त्याला विचारलं की या माळावर सिंह शेवटचा कधी दिसला होता. तो म्हणाला, "दॅट्स द पॉइंट मॅम, सरप्राइज फॅक्टर."

सकाळी सिंहाची डरकाळी वाजली. आवाज उत्तम होता, खोटं कशाला बोलू. खाली चरणाऱ्या मादीने मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा खाली घातली. तिच्या आजीपणजीनेही हा आवाज ऐकलेला नव्हता, ती कशाला घाबरेल? गाव मात्र हादरलं. शाळा सोडून दिली. वनखात्याचे फोन खणखणायला लागले. काही मंडळींनी तर पायांचे ठसेही पाहिले. आणि माझ्या मोबाइलवर सुरेखाचा जीव खाऊन फोन. "मॅडम, वाघ आलाय! तुमी जितं असाल तितं ऱ्हावा! मी फाटक लावलंय!"

गाडी नसताना लावलेल्या त्या फाटकापाशी ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या आणि एक वऱ्हाड अडकून पडलं होतं. वाघ फाटकाशी थांबतो ही माहिती मला नवीन होती. आम्ही जाऊन सगळं समजावून सांगितलं तेव्हा सुरेखा संतापली. "आदी सांगायचं न्हाय व्हय? माझी कढी उतू गेली!" अथर्व मोबाइलवर काहीतरी टिपत होता. मी डोकावले. त्याने लिहिलं होतं, 'ह्यूमन रिस्पॉन्स एक्सलंट.'

त्यानंतर मेश्रामांनी कधी नव्हे ते मला स्पष्ट विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटते ते सांगा ना."

मला वाटत होतं ते साधं होतं. चिंकारे एकमेकांना धोका कसा सांगतात? तेच आपण सांगावं. पुस्तकांतून कळलं की चिंकारा घाबरला की नाकाने शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पुढचा पाय आपटतो. कळपातल्या एकाने शिंक दिली की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत, निघतात. आपल्याकडच्या सोसायटीत इतकी एकवाक्यता मी पाहिलेली नाही.

मग ती शिंक ध्वनिमुद्रित करणं आलं. मी आणि मेश्राम पहाटे उजाडताना झुडपाआड जाऊन बसायचो. मी मायक्रोफोन धरून, ते मफलर गुंडाळून. चिंकारे यायचे, चरायचे, जायचे. शिंकायचं नाव नाही. आम्ही इतके शहाण्यासारखे बसत होतो की त्यांना घाबरायला काही कारणच नव्हतं. बाकी सगळं ध्वनिमुद्रित झालं. दूधवाल्याची मोटारसायकल, लांबच्या लग्नातला बँड, आणि कुणाच्या तरी शेतात रेडिओवर बाजारभाव सांगणारी बाई.

थंडी वाढली तसं मेश्रामांना पडसं झालं. मी म्हणाले, नका येऊ. तर म्हणाले, "नाही ना मॅडम, सवय झाली आता." त्या सकाळी मादी आणि तिचं पिल्लू अगदी जवळ चरत होती आणि मेश्रामांचा चेहरा हळूहळू वाकडा व्हायला लागला. त्यांनी नाक दाबलं, मफलर तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्यांना जी शिंक आली, तशी मी रेल्वेच्या कुठल्याही इंजिनाकडून ऐकलेली नाही.

मादी ताठ झाली. पाय आपटला. आणि तिनेही शिंक दिली. छिंक! बारीक, कोरडी, धारदार. पिल्लू क्षणात दिसेनासं झालं. तिने आणखी दोनदा शिंकून आम्हाला जाहीर केलं आणि तीही गेली.

"सॉरी मॅडम," मेश्राम नाक पुसत म्हणाले.

मी हेडफोन काढला आणि त्यांना चक्क मिठी मारणार होते. आयुष्यात प्रथमच मला एखाद्याच्या सर्दीचा आनंद झाला.

त्यानंतरचं काम माझं होतं. आधी चिंकाऱ्याची शिंक, मग टिटवीचा कलकलाट, कारण माळावर काहीही खुट्ट झालं की टिटवी सगळ्यांना ओरडून सांगते, आणि शेवटी लांबून कुत्र्यांचं भुंकणं. सगळं फार मोठ्याने नाही. कटिंगच्या दोन्ही तोंडांना एकेक पेटी बसवली. गाडी दूर असतानाच रुळाला लावलेल्या सेन्सरला ती कळायची आणि ज्या बाजूने गाडी येणार त्याच बाजूची पेटी वाजायची. दुसरं तोंड शांत, मोकळं. म्हणजे जनावराला पळायचं कुठे हे विचारावं लागणार नाही. सुरेखाने तिचं नाव ठेवलं शिंकपेटी. कंपनीने तिचं इंग्रजीत लांबलचक नाव ठेवलं होतं, ते आता कंपनीलाही आठवत नसेल.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं काठावर उभे होतो. आत चार चिंकारे. पेटी वाजली. शिंक येताच चौघांच्या माना वर झाल्या. टिटवी ओरडली तसे ते चालायला लागले. नीट वाचा, धावायला नाही, चालायला. शेवटचं पिल्लू बाहेर पडून गवतात शिरलं, आणि बऱ्याच वेळाने गाडी निवांत येऊन निघून गेली. गाडीतल्या लोकांना काही कळलं नाही. हेच तर हवं होतं.

सुरेखा म्हणाली, "आयला, ऐकत्यात की!"

इथे मी ही गोष्ट संपवली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण यश मिळालं की आपल्याकडे समारंभ करावा लागतो.

पेट्यांवर चाचणीसाठी बटण असावं ही रेल्वे कचेरीची अट होती. मी विरोध केला होता, पण बटण नसलेली वस्तू सरकारी माणसाला अपुरी वाटते. उद्घाटनाला मांडव पडला, हार आले, मोठे साहेब आले आणि त्यांच्याहून मोठे कुणीतरी आले. त्यांनी बटण दाबलं. छिंक! टाळ्या. फोटोवाल्याला फोटो नीट मिळाला नाही म्हणून पुन्हा दाबलं. मग एका वाहिनीसाठी, मग दुसऱ्या वाहिनीसाठी. पाहुण्यांच्या नातवालाही दाबायचं होतं. मी मोठ्या साहेबांजवळ जाऊन म्हणाले, "साहेब, गाडी नसताना वाजवू नका. जनावरं ऐकतायत." ते हसून म्हणाले, "अहो मॅडम, त्यांना काय कळतंय!" ज्यांना कळतं या भरवशावर सगळी योजना उभी होती, त्यांना काय कळतंय.

मग मी दुसऱ्या कामाला लागले. एका सकाळी मेश्रामांचा फोन आला. नेहमीपेक्षाही हळू आवाज.

"मॅडम, एक गेली."

"कुठे?"

"पेटीच्या समोरच. पोटुशी होती."

"पेटी वाजली नाही?"

"वाजली ना. ड्रायव्हरने स्वतः पाहिलं, ती मान खाली घालून चरत होती."

पुण्यातल्या कचेरीत तातडीची बैठक ठरली. मोठ्या साहेबांनी बैठकीआधीच निकाल कळवला की मशीन फेल आहे, सायरन परत बसवू. मी बैठकीच्या आदल्या दिवशी माळावर गेले. रविवार होता. फाटकापाशी मोटारी उभ्या होत्या. पुण्याच्याच. एका कुटुंबाने सतरंजी अंथरली होती. एक मुलगी मोबाइल उंच धरून सुरेखाला म्हणत होती, "ताई, एकदाच वाजवा ना, रील करायचंय."

सुरेखा उठली, पेटीपाशी गेली आणि बटण दाबलं. छिंक. मी कटिंगकडे पाहिलं. आत तीन चिंकारे होते. एकानेही मान वर केली नाही. एकीने कान हलवला, तोही माशी उडवायला.

सुरेखाने मला पाहिलं आणि ती आपणहून बोलायला लागली. "मॅडम, मला काय म्हाईत? सायबच म्हनले, पावनं आलं की दाखवत जा. पेपरात आलंय, लोकं येत्यात. न्हाय वाजिवलं तर ती तक्रार करत्यात, वाजिवलं तर आता तुमी वरडनार."

"नाही ओरडत," मी म्हणाले. "पण ती मेली ना सुरेखा."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मीच पयलं बगितलं." आणि ती रुळांकडे तोंड करून उभी राहिली. रीलवाली मुलगी म्हणाली, "एक्सक्यूज मी, पुन्हा एकदा?" त्या मुलीला मी जे बोलले ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. मोठे साहेब पेन फिरवत म्हणाले, "मग यावर उपाय काय?"

"बटण काढायचं. तपासणी करायची तर हेडफोन लावून करता येईल. आवाज बाहेर जाता कामा नये."

"आणि पाहुण्यांना दाखवायचं काय?"

"गाडी," मी म्हणाले. "गाडीची वेळ तुम्हीच छापता. त्या वेळी पाहुणे आले तर पेटी आपोआप ऐकू येईल. छापलेल्या वेळेवर रेल्वेचाच विश्वास नसेल तर तो वेगळा विषय."

खोलीत कुणीतरी खोकलं. मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, हे आमचं खात्याअंतर्गत..." आणि तेवढ्यात मेश्राम उठून उभे राहिले. नोकरीत त्यांनी वरच्या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"साहेब, सायरन बसवायचा तर बसवा," ते म्हणाले. "पण पुढचं जनावर मी नाही उचलणार. आपण स्वतः या. त्याच्या पोटात काय असते ते आपण पाहा, आणि मग काय लिहायचं ते आपणच लिहा."

मोठे साहेब पाणी प्यायले. बटण निघालं.

पण गेलेला विश्वास काही लगेच परत येत नाही. पेटी वाजायची आणि चिंकारे ढिम्म. मेश्रामांनी ड्रायव्हरांना विनंती करून कटिंगपाशी गाड्या सावकाश न्यायला लावल्या, त्याबद्दल त्यांना खुलासे द्यावे लागले ते वेगळंच. मी आवाजांचा क्रम बदलला. त्या शिंकेला आता कुणी विचारत नव्हतं, म्हणून टिटवी पुढे आणली आणि शिंक नवी, दुसऱ्या मादीची, मागाहून ठेवली. त्यासाठी मेश्रामांनी पुन्हा आजारी पडण्याची तयारी दाखवली होती, पण या वेळी एका कोल्ह्याने काम केलं. मग फक्त वाट पाहायची. मी रोज दुपारी सुरेखाला फोन करायचे आणि ती रोज म्हणायची, "न्हाय मॅडम. बसल्यात तशीच."

एके दुपारी मी मंडईत मटार निवडत होते. फोन वाजला. "मॅडम, निगाली!" सुरेखा इतकी ओरडली की भाजीवाल्यानेही मान वर केली. "टिटवी वाजली अन् समदी निगाली! भायेर जाऊन हुबी ऱ्हायली, गाडी गेली, मग परत आली!"

मी मटार तिथेच ठेवले. भाजीवाला म्हणाला, "घ्यायचे नव्हते तर एवढे निवडलेत कशाला?" त्याचंही बरोबरच होतं.

पुढे फार काही थोर घडलं नाही. आणखी अशा जागा होत्या, मेश्रामांनी दाखवल्याही होत्या. तिथे पेट्या बसवू, असं ठरलं. ठरलेलंच आहे अजून. मेश्रामांची बदली झाली. अथर्वच्या कंपनीने म्हणे वन्यजीवांचा विषय सोडला आणि आता ती सोसायट्यांच्या फाटकांवर 'वेलकम' म्हणणारं यंत्र विकते. मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मालकांनी मला दर तासाला टण् टण् वाजणारं घड्याळ दिलं. त्याचे सेल मी त्याच संध्याकाळी काढले. मारली गेलेली ती मादी मात्र अजून डोळ्यांपुढे येते. आमची पेटी नसती तर ती कदाचित स्वतःच्या कानांवर विसंबली असती, हा विचार मला सोडत नाही आणि मीही त्याला हाकलत नाही.

परवा एका लग्नासाठी त्याच मार्गाने पॅसेंजरने गेले. समोर नारायण पेठेतले एक निवृत्त गृहस्थ बसले होते. पुण्याहून निघाल्यापासून त्यांनी मला रेल्वे, राजकारण आणि माझ्या डब्यातल्या पोळ्यांची जाडी या विषयांवर मार्गदर्शन केलं होतं. कटिंग जवळ आलं तशी मी खिडकीशी सरकले. गाडीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. कटिंगच्या पलीकडच्या तोंडापासून थोडं दूर, उतारावरच्या गवतात, चार चिंकारे उभे होते. दोन मोठे, दोन पाडसं. गाडीकडे तोंड करून, कान टवकारून, पण जागचे न हलता.

"अहो बाई, ते बघा," गृहस्थ म्हणाले. "कशी शहाण्यासारखी बाजूला उभी आहेत! याला म्हणतात उपजत ज्ञान. गाडी कधी येणार ते त्यांना बरोबर कळतं."

"हो का?"

"म्हणजे काय! त्यांना कुणी काही सांगावं लागत नाही. माणसाने उगाच त्यांच्यात लुडबुड करू नये, बास."

"अगदी बरोबर आहे आपलं," मी म्हणाले.

आणि शेवटचा डबा कटिंगबाहेर पडेपर्यंत मी मान वळवून मागे बघत राहिले. चौघंही उभी होती.